हॉटेलच्या चिकनमुळे घरचे आजारी पडले: भरपाई कोणाकडे, कशी आणि किती मुदतीत मागायची

प्रश्न थोडक्यात असा. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कुटुंबाने शनिवारी रात्री नऊच्या सुमारास जवळच्या हॉटेलातून तंदुरी चिकन आणि चिकन बिर्याणीचं पार्सल आणलं. जेवायला सात जण होते. पाच जणांनी चिकन खाल्लं. माळकरी आजी आणि चार वर्षांचा नातू यांनी घरचा वरणभात. रविवारी रात्रीपासून मंगळवारी सकाळपर्यंत चिकन खाल्लेले पाचही जण ताप, जुलाब आणि पोटातल्या मुरड्याने आडवे झाले. ६७ वर्षांचे वडील तीन दिवस आयसीयूत होते आणि त्यांच्या स्टूल कल्चरमध्ये (शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) साल्मोनेला हा जंतू आला. हॉस्पिटलचं बिल १ लाख ८६ हजार, त्यातले १ लाख २० हजार मेडिक्लेमने दिले. हॉटेलमालक म्हणतो, ‘त्या दिवशी दोनशे पार्सलं गेली, दुसरं कोणी आलं नाही. तुमच्या सोसायटीचं पाणी तपासा.’ जेवणाचे १,२६० रुपये परत द्यायला मात्र तो तयार आहे. आज अकरावा दिवस आहे. काय करता येईल?

बरंच करता येईल, आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून मजबूत आहे. अशी प्रकरणं कायदा अपुरा पडतो म्हणून क्वचितच हरतात. ‘हाच आजार, याच ताटातून’ हा दुवा कागदावर नसतो, म्हणून ती हरतात. त्यामुळे कलमांच्या आधी पुराव्याचं बोलू.

मालकाच्या पाण्याच्या मुद्द्याचं उत्तर तुमच्याच घरात आहे. आज रात्री बसून एक तक्ता करा. सात जणांची नावं आणि वयं उभ्या ओळीत. आडव्या रकान्यांत तंदुरी, बिर्याणी, सोबत आलेला कापलेला कांदा, पुदिन्याची चटणी, घरचा वरणभात, पिण्याचं पाणी. शेवटच्या दोन रकान्यांत त्रास सुरू झाल्याची तारीख-वेळ आणि औषधोपचार. पाणी सातही जणांनी एकच प्यायलं आणि त्यातले दोघे ठणठणीत राहिले. चिकन खाल्लेल्या पाचांपैकी पाच आजारी, न खाल्लेल्या दोघांपैकी शून्य. साथरोगाचा तपास करणारे डॉक्टर नेमकी हीच मांडणी करतात, आणि ग्राहक आयोगातल्या सदस्यांनाही ती एका नजरेत कळते. बिर्याणी कोणकोणी खाल्ली नाही, कांदा कोणकोणी घेतला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहा. पाचातला एक जण फक्त तंदुरीवर होता असं निघालं, तर संशय आणखी नेमका होतो. तक्त्याखाली प्रत्येक सज्ञान व्यक्तीची सही आणि आजची तारीख घाला. सहा महिन्यांनी आठवून केलेल्या तक्त्याला हे वजन येत नाही.

वेळेचं गणितही जुळावं लागतं. साल्मोनेलाचा त्रास खाल्ल्यापासून साधारण ६ तास ते ६ दिवसांत सुरू होतो, म्हणजे तुमचे २४ ते ६० तास बरोबर बसतात. इथेच अनेक तक्रारी कोसळतात. माणूस शेवटच्या जेवणावर बोट ठेवतो, आणि रिपोर्टमधला जंतू तीन दिवसांपूर्वीच्या जेवणाकडे बोट दाखवतो. जेवल्यावर दोन तासांत उलट्या झाल्या तर ते बहुधा स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सिरियसचं विष असतं. दुसरा जंतू बिर्याणीच्या तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात हटकून सापडणारा. ६ ते २४ तासांत ताप न येता जुलाब आणि मुरडा असेल तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचा संशय, मोठ्या पातेल्यात हळूहळू थंड झालेल्या रश्श्यातला. कॅम्पायलोबॅक्टर सहसा २ ते ५ दिवस घेतो. म्हणून तक्रारीत आजारी पडण्याआधीच्या तीन-चार दिवसांचं बाहेरचं खाणं स्वतःहून लिहावं. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत ते काढून घेतलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही डळमळतात.

वडिलांचं साल्मोनेला पॉझिटिव्ह कल्चर हा तुमचा सर्वांत मोलाचा कागद. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला लेखी अर्ज: ‘रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेला जंतू जपून ठेवावा, कायदेशीर कामासाठी त्याची सेरोटायपिंग करायची आहे.’ लॅबवाले अशा प्लेट्स थोड्याच दिवसांत टाकून देतात. जंतू हाती असेल तर त्याचा नेमका प्रकार ठरवता येतो. देशातलं साल्मोनेलाचं राष्ट्रीय केंद्र हिमाचलातल्या कसौलीला, सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पुढे हॉटेलच्या नमुन्यात साल्मोनेला सापडला, तर ‘साल्मोनेला सगळीकडेच असतो’ या बचावाला उत्तर फक्त या प्रकाराच्या जुळण्यातून मिळतं.

बाकीच्या चौघांची तपासणी झालेली नाही. अजून वेळ गेलेली नाही. जुलाब थांबल्यावरही साल्मोनेला कित्येक आठवडे शौचातून बाहेर पडत राहू शकतो. त्यांचं कल्चर आता करून घ्या. त्यातल्या दोघांचं जरी पॉझिटिव्ह आलं, तरी एका म्हाताऱ्या माणसाचा आजार ही गोष्ट ‘एका जेवणातून झालेला उद्रेक’ बनते. नमुना घेताना तोंड रुंद असलेली, लॅबने दिलेली निर्जंतुक डबी वापरा. कमोडमधलं पाणी किंवा लघवी त्यात मिसळू देऊ नका. दोन तासांत लॅबला पोचवा. त्याहून उशीर होणार असेल तर लॅबकडून कॅरी-ब्लेअर माध्यमाची, म्हणजे नमुना टिकवून ठेवणारी, नळी मागून घ्या. अँटिबायोटिक घेतलं असेल तर फॉर्मवर तसं लिहा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: नमुना पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी द्यावा. त्यासाठी औषध लांबवायचं नाही. डबी देऊन लगेच औषध सुरू करायचं. आणि कॅम्पायलोबॅक्टरचा संशय असेल तर लॅबला तसं सांगावं लागतं. तो जंतू कमी प्राणवायूत आणि ४२ अंशांवर वाढवावा लागतो, नेहमीच्या कल्चरमध्ये तो दिसतच नाही. ‘कल्चर निगेटिव्ह’ याचा अर्थ पुष्कळदा ‘त्या जंतूसाठी पाहिलंच नाही’ एवढाच असतो.

आता डिस्चार्ज कार्ड बघा. त्यावर बहुधा ‘एजीई विथ डिहायड्रेशन’ असं असेल, म्हणजे तीव्र जठरांत्रदाह. एजीई कशानेही होतो. तुम्हाला हवी आहे ती भरतीच्या वेळी लिहिलेली हकीकत: ‘अमुक तारखेला रात्री हॉटेलचं चिकन खाल्लं, घरातले इतर चार जण आजारी.’ ही ओळ डिस्चार्ज कार्डावर नसली तरी आतल्या केस पेपरमध्ये, कॅज्युअल्टीच्या पहिल्या पानावर किंवा नर्सिंग नोट्समध्ये असू शकते. मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून संपूर्ण इनडोअर पेपर्सची प्रत मागा. रुग्णाला ती मिळण्याचा हक्क आहे आणि ७२ तासांत ती द्यावी असा वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेचा नियम आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र घ्या: जंतूचं नाव, आयसीयूत का ठेवावं लागलं, जिवाला धोका होता का, किती दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत. शेवटच्या दोन मुद्द्यांवर पुढे भरपाईचा टप्पा ठरतो.

उरलेलं अन्न फ्रिजमध्ये असेल तर फेकू नका, पण त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका. अकरा दिवसांनी, तुमच्याच घरात, उघड्या डब्यात राहिलेल्या चिकनवर समोरची बाजू पहिलं बोट ठेवते: जंतू तुमच्या फ्रिजमधून आला नाही कशावरून? ताज्या प्रकरणात मात्र उरलेलं अन्न मूळ डब्यासकट झिपलॉक पिशवीत घालून, तारीख लिहून, ४ अंशांखाली ठेवावं आणि २४ तासांत एफएसएसएआयने (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने) अधिसूचित केलेल्या लॅबमध्ये बर्फात घालून न्यावं. फ्रीझरमध्ये टाकण्याची घाई नको. साल्मोनेला गोठवूनही टिकतो, पण कॅम्पायलोबॅक्टर आणि परफ्रिन्जेन्स त्यात बऱ्याच प्रमाणात मरतात आणि पुरावा तुमच्याच हाताने पुसला जातो.

बिल, यूपीआयची नोंद, पार्सलच्या डब्याचा आणि पिशवीचा फोटो, मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं जपा. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तो नसेल तर तो स्वतंत्र तक्रारीचा मुद्दा होतो. असेल तर एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते पाहा. पाटीवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव वेगळं असणं नेहमीचं आहे, आणि नोटीस चुकीच्या नावाने गेली की दोन-चार महिने फुकट जातात. स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेला नाही, पण फौजदारी कोर्टात तेच मेसेज लागले तर ते नसल्याने अडतं.

आता कायद्याकडे. दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात.

पहिली वाट अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची. तक्रार टोल फ्री १८००-२२२-३६५ वर नोंदवता येते, पण तेवढ्यावर थांबू नका. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात फक्त ‘कारवाई करावी’ असं लिहिलं तर अधिकारी जाऊन त्या दिवशीच्या कढईतला नमुना घेतो, तो स्वच्छ येतो आणि फाइल बंद होते. म्हणून मागण्या एकेक करून लिहा: स्वयंपाकघराची परवाना नियमांच्या परिशिष्ट ४ (स्वच्छतेच्या अटी) प्रमाणे पाहणी, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, वापराच्या पाण्याचा तपासणी अहवाल, घटनेच्या आठवड्यातली कच्च्या चिकनची खरेदी बिलं आणि पुरवठादाराचा परवाना क्रमांक, फ्रीजर आणि फ्रिजचं तापमान, कच्च्या मांसाच्या आणि कांदा-लिंबू कापायच्या फळ्या-सुऱ्या वेगळ्या आहेत का. परवानाधारकाने परवानाधारक किंवा नोंदणीकृत माणसाकडूनच माल घ्यायचा आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या, ही परवान्याचीच अट आहे. कच्च्या कोंबडीची बिलं नसतील तर मालकाची बाजू तिथेच लंगडी होते. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अस्वच्छ स्थितीत हाताळलेल्या किंवा ज्याचा पुरवठादार सांगता येत नाही अशा मालाची जबाबदारी विकणाऱ्यावरच येते.

तंदुरीच्या बाबतीत नेमकं कुठे बिघडतं, हे अर्जात लिहिलं तर पाहणीला दिशा मिळते. तंगडीचा सांध्याजवळचा जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत तापायला हवा; भट्टी कितीही रसरशीत असली तरी बाहेरून काळं आणि हाडाजवळ गुलाबी, असं होतं. संध्याकाळी अर्धवट भाजून टांगून ठेवायचं आणि ऑर्डर आली की दोन मिनिटं भट्टीत घालायचं, ही पद्धत सर्रास दिसते. बटर लावायचा ब्रश आणि मॅरिनेशन लावायचा ब्रश एकच असतो. भाजलेलं चिकन तोडायचा ओंडका तोच, ज्यावर सकाळी कच्ची कोंबडी तोडली. खाण्यासाठी तयार पदार्थाच्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला अजिबात नसावा, असा निकष आहे.

घटनेनंतर दोन आठवड्यांनी घेतलेला नमुना स्वच्छ आला तर घाबरू नका. तो वेगळ्या कोंबडीचा, वेगळ्या दिवसाचा नमुना आहे; त्याने तुमच्या शनिवारच्या पार्सलबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कोणाच्याही बाजूने. लेखी युक्तिवादात हे स्पष्ट मांडा, नाहीतर ‘एफडीएने क्लीन चिट दिली’ हे वाक्य पुढे दोन वर्षं तुमच्या अंगावर येत राहतं.

काही जण स्वतः त्याच हॉटेलातून दुसरं पार्सल घेऊन लॅबला देतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चं कलम ४० ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा हक्क देतं, १४ दिवसांत अहवाल आणि दोष निघाल्यास फी परत. पण अट अशी की खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं सांगायला हवं. गुपचूप आणलेल्या नमुन्याचा अहवाल या कलमाखाली चालत नाही. एफडीएच्या मागे लागण्यासाठी तो उपयोगी पडतो, इतकंच.

याच कायद्याचं कलम ६५ फार थोडे लोक वापरतात. असुरक्षित अन्नाने इजा झाली तर भरपाईचा आदेश याखाली होतो: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत. घटनेपासून ६ महिन्यांच्या आत ही रक्कम द्यावी, आणि मृत्यूच्या प्रकरणात ३० दिवसांत वारसांना अंतरिम मदत द्यावी, असं कलमातच आहे. हा आदेश न्यायनिर्णय अधिकारी किंवा खटला चालवणारं कोर्ट देतं, पण कोणी मागितलीच नाही तर सहसा कोणी आपणहून देत नाही. तक्रार अर्जातच ‘कलम ६५ प्रमाणे प्रत्येक पीडिताला भरपाई मिळावी’ अशी स्वतंत्र मागणी, पाच जणांची नावं आणि बिलांसह, लिहा. पदनिर्देशित अधिकाऱ्यालाही (या कायद्याखालचा जिल्ह्याचा अन्न अधिकारी) त्याची प्रत द्या. ‘गंभीर’ कशाला म्हणायचं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ चा आधार घेता येतो: जिवाला धोका निर्माण करणारी, किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी किंवा नेहमीचे व्यवहार अशक्य करणारी दुखापत. वडिलांचं आयसीयूचं प्रमाणपत्र इथे कामाला येतं.

शिक्षेची बाजू अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. साधी इजा झाली तर १ वर्षापर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. गंभीर इजेला ६ वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत. मृत्यूला किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख. दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात येत नाही. म्हणून कलम ६५ वेगळं मागायचं. या गुन्ह्यांची दखल कोर्टाला एका वर्षाच्या आत घ्यावी लागते. अन्न सुरक्षा आयुक्त लेखी कारण देऊन ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात. फाइल टेबलावर पडून वर्ष उलटू नये म्हणून दोन महिन्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाका: पाहणी अहवाल, नमुन्याचा अहवाल आणि केलेल्या कार्यवाहीची टिपणी यांच्या प्रती. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची, आणि तुमच्यासारख्या प्रकरणात खरे पैसे इथून मिळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘वस्तू’च्या व्याख्येतच अन्न आहे. तक्रारीत दोन्ही आधार घ्या: सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादन दायित्व, म्हणजे प्रकरण सहा, आणि सेवेतली त्रुटी. एकच आधार धरला आणि समोरच्याने ‘आम्ही जेवण विकतो, ही सेवा आहे’ किंवा त्याच्या उलट म्हटलं, की सुनावणी शब्दच्छलात अडकते. हानीच्या व्याख्येत शारीरिक इजा, आजार, मृत्यू आणि इजेबरोबर होणारा मानसिक त्रास येतो. बिल मुलाने भरलं आणि वडिलांनी खाल्लं याने काही बिघडत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. लग्नात केटररचं जेवण जेवलेल्या पाहुण्यांनाही तेच लागू. गावच्या भंडाऱ्यात मात्र कोणी पैसे मोजलेले नसतात, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होतो. एफडीएचा नाही: अन्न सुरक्षा कायद्यात नफ्याचा असो वा नसो, अन्न व्यवसाय तो अन्न व्यवसायच.

भरपाई कितीही मागितली तरी आयोगाची पायरी वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. तुम्ही १,२६० रुपये मोजले, ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे जातो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी शून्य आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याला, तक्रार करता येते, हॉटेल कुठेही असो. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती हे संकेतस्थळ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरून मध्यस्थीचा प्रयत्नही होतो, पण आजारपणाच्या प्रकरणात ती फार पुढे जात नाही आणि तिच्यासाठी थांबून राहू नये. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत, असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चाला.

रक्कम मांडताना ढोबळ ‘दहा लाख’ लिहू नका. हॉस्पिटल, औषधं, तपासण्या, सोबत राहणाऱ्याची बुडालेली रजा किंवा रोजगार (पगारपत्रकासह), रिक्षा-टॅक्सी, पुढच्या तपासण्या, आणि शेवटी शारीरिक-मानसिक त्रासाची वेगळी रक्कम, प्रत्येक माणसामागे वेगळी. मेडिक्लेमचे १ लाख २० हजार लपवू नका. विमा हा हप्त्यांचा मोबदला आहे म्हणून पूर्ण खर्च मागता येतो, असा युक्तिवाद करता येतो. पण रक्कम दडवली आणि ती पुढे उघड झाली, तर स्वच्छ हाताने आलेला तक्रारदार ही तुमची प्रतिमा जाते, आणि भरपाईच्या आकड्यावर तिचा परिणाम होतो.

विरुद्ध पक्ष कोण? हॉटेलचा परवानाधारक नक्की. ॲपवरून मागवलं असेल तर त्या कंपनीलाही पक्षकार करा: ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निराकरण द्यायचं असतं, म्हणून आधी तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. अन्न दूषित झाल्याची थेट जबाबदारी मात्र ॲपवर टिकवणं अवघड आहे. डिलिव्हरीला दोन तास लागले, किंवा परवाना नसलेलं स्वयंपाकघर यादीत ठेवलं, असं काही असेल तरच तिथे जोर लावावा. कोंबडी पुरवणाऱ्याला तुम्ही ओढून आणायची गरज नाही. ती हॉटेलवाल्याची लढाई.

चिकन सेंटरमधून कच्चं चिकन आणून घरी शिजवलं असेल तर परिस्थिती वेगळी, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. कच्च्या कोंबडीवर जंतू असणं अपेक्षितच आहे, नीट शिजवलं की ते मरतात, तेव्हा चूक तुमच्या स्वयंपाकघरातली, असा बचाव येतो, आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ मधले अपवाद त्याला बळ देतात. असं प्रकरण एकट्याने लढवण्यात अर्थ नाही. एकाच दुकानातून नेलेली चार-पाच घरं आजारी असतील, किंवा सडलेला माल, कुजका वास, विनापरवाना कत्तल असं काही दाखवता येत असेल, तरच पुढे जावं. अशा वेळी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला लगेच कळवा. त्यांच्या उद्रेक तपासणीचा अहवाल हा कोणत्याही खाजगी रिपोर्टपेक्षा भारी पुरावा आहे.

मालकाच्या १,२६० रुपयांबद्दल: पैसे घ्यायला हरकत नाही, पण ‘आमची कोणतीही तक्रार राहिली नाही’ अशा कागदावर सही करू नका. पैसे यूपीआयने घ्या आणि ‘फक्त जेवणाच्या बिलाचा परतावा, भरपाईचा हक्क राखून’ असा मेसेज पाठवा. घाईने सही न करण्याचं दुसरं कारण वैद्यकीय आहे. कॅम्पायलोबॅक्टरनंतर एक ते तीन आठवड्यांनी काहींना गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) होतो, म्हणजे पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचा उद्रेक झाला, तेव्हा मुख्य संशय पाण्यावर होता, पण काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. साल्मोनेलानंतरही काहींचे सांधे महिनोन् महिने धरतात. आजार पूर्ण संपल्याचं डॉक्टर लिहून देईपर्यंत अंतिम तडजोड नको.

नोटीस पाठवताना क्रम पाळा. आधी एफडीएत तक्रार, मग भरपाईची नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. ‘इतके पैसे द्या, नाहीतर एफडीएत जातो’ असं लिहिलं किंवा फोनवर बोललं गेलं, की खंडणीची उलट तक्रार होते आणि तुम्ही बचावात जाता. नोटिशीत एक ओळ जरूर घाला: ‘आपली पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (ग्राहकांना झालेल्या इजेच्या भरपाईचा विमा) असल्यास विमा कंपनीला या दाव्याची सूचना द्यावी.’ पॉलिसी असलेल्या हॉटेलशी तडजोड लवकर होते. सोसायटीच्या ग्रुपवर आणि रिव्ह्यूत फक्त घडलेलं लिहा, तारखेसह. ‘विष घालतात’ यासारखी वाक्यं बदनामीच्या दाव्याला निमंत्रण देतात.

पोलिसांकडे जावं का? गंभीर आजारात लेखी तक्रार देऊन ठेवावी, पण मुख्य भिस्त त्यावर नको. भारतीय दंड संहितेतल्या अन्न भेसळीच्या जुन्या कलमांऐवजी अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ चालेल, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निर्णय आहे. मृत्यू झाला तर मात्र पोलीस लगेच हवेत. कासरगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये आणि मानखुर्दजवळ मे २०२४ मध्ये शोरमा खाल्ल्यानंतर तरुण जीव गेले, आणि दोन्ही ठिकाणी विक्रेत्यांना अटक झाली. अशा प्रसंगी घरच्यांना शवविच्छेदन नकोसं वाटतं, आणि तिथेच प्रकरण संपतं. दुसरी चूक बारीक पण घातक: व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे) मिठाच्या संपृक्त द्रावणात रासायनिक तपासणीसाठी जातो, त्यातून जंतू वाढवता येत नाहीत. रक्त आणि आतड्यातला अंश निर्जंतुक डबीत, कोणतंही रसायन न घालता, सूक्ष्मजीव तपासणीसाठी वेगळा पाठवा, असं तपास अधिकारी आणि डॉक्टर दोघांनाही लेखी सांगावं लागतं.

ग्राहक आयोगात वकील बंधनकारक नाही, पण जंतू आणि वैद्यकीय पुरावा आला की ग्राहक कायदा हाताळणारा वकील असलेला बरा. जिंकल्यावर ठरावीक टक्के घेण्याचा करार भारतात वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलचे नियम तो मना करतात. इंटरनेटवर दिसणाऱ्या ‘केस जिंकलात तरच फी’ या जाहिराती अमेरिकेतल्या आहेत. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्या घरातल्या आजारी पडलेल्या महिलेच्या नावेही तक्रार चालू शकते.

निकालानंतर हॉटेलवाल्याने पैसे दिले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली फौजदारी अर्ज एकत्र करा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड आहे, आणि वॉरंट निघालं की बहुतेक वेळा पैसे भरले जातात. हॉटेल बंद करून दुसऱ्या नावाने उघडणं ही नेहमीची पळवाट असते. म्हणून तक्रारीत पहिल्याच दिवशी परवानाधारकाचं व्यक्ती म्हणून नाव, भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांची नावं आणि राहते पत्ते घाला. फॉसकॉसवर जे मिळत नाही ते महापालिकेच्या आरोग्य परवान्यातून आणि दुकाने-आस्थापना नोंदणीतून माहिती अधिकारात मिळतं.